भर दुपारची शुभ संध्याकाळ

सूर्य बरोबर डोक्यावर होता आणि वुसांबेच्या बाजारात बायका कंदील पेटवत होत्या. आल्याच्या पोत्यांमागचे व्यापारी टोप्या काढून उभे होते. माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर लसीसाठी आलेल्या आया बाळांना पाठीशी बांधून, मला न विचारता, रेडिओच्या दुकानाकडे पळाल्या होत्या. मी सुई हातात धरून तशीच उभी राहिले. समोर एकच बाळ उरलं होतं, तेही त्याच्या आईचा पाय मुरगळला होता म्हणून.

तेवढ्यात रेडिओवरचं भजन थांबलं आणि तो आवाज आला. जाड, घोगरा, मधेच खाकरणारा.

"शुभ संध्याकाळ, वुसांबेकरांनो. दिवस बुडाला. शेळ्या आत घ्या, दिवे लावा, दारांना कड्या घाला. जे अजून वाटेवर आहेत त्यांनी पाय उचला. मी कियांगी, मी इथेच आहे."

भजन पुन्हा सुरू झालं. बाजारात कोणीतरी हुंदका दिला. गावातली सगळ्यांत म्हातारी बीबी, म्हणजे आजी, नावोने ही आल्याच्या पोत्यावर बसली होती. ती म्हणाली, "बिचारा. तिकडे अजून अंधारच आहे वाटतं."

गोम एवढीच होती, की म्झे कियांगीला आम्ही पुरून आलो होतो. मी स्वतः मूठभर माती टाकली होती. आणि तरी रोज भर दुपारी तो आम्हांला शुभ संध्याकाळ म्हणत होता.

म्झे म्हणजे मानाचा वडीलधारा, आणि कियांगी त्या मानाला शोभणारा होता. आमच्या गावरेडिओचा तो आवाज. रेडिओ म्हणजे काय, तर चर्चमागची पत्र्याची खोली, तीत एक संगणक, आणि वर टेकडीवर एक खांब. हरवलेली शेळी, ठरलेलं लग्न, पाण्याची पाळी, माझं लसीकरण, असले निरोप तो एकदा बोलून संगणकात साठवायचा आणि दिवसभर वाजवायचा. संध्याकाळचा निरोप मात्र रोज स्वतः बसून, ताजा द्यायचा. अंगात ताप असला तरी. त्याची बायको नाकुंडवा एकदा वैतागून म्हणाली होती, "दिवस बुडाला हे शेळ्यांना कळत नाही का?" त्यावर तो म्हणाला, "शेळ्यांना कळतं. वुसांबेकरांना सांगावं लागतं."

दिवस बुडाला म्हणजे बारा वाजले. आमच्याकडे तास सूर्यापासून मोजतात. उजाडल्यावर तासाभराने एक वाजतो, सूर्य डोक्यावर आला की सहा, आणि बुडाला की बारा. सरकारी कागदांवर आणि विमानतळावर दुसरंच घड्याळ चालतं, ते चालू दे. आमचा सूर्य वर्षभर वेळेवर येतो आणि वेळेवर जातो, त्यामुळे आमचं कधी अडलं नाही.

मग कियांगीचं पोटाचं दुखणं निघालं. मीच चिठ्ठी देऊन त्याला मोशीच्या मोठ्या रुग्णालयात धाडला. त्याची बस घाट उतरते न उतरते तोच गावावर वीज कोसळली, ट्रान्सफॉर्मर जळाला आणि रेडिओ गप्प झाला. तो गप्प असतानाच कियांगी तिकडे गेला, इकडे आणला गेला आणि मातीत ठेवला गेला. पुढे नवा ट्रान्सफॉर्मर आला. रेडिओ समितीचा अध्यक्ष म्बवांबो याने खोली उघडली, संगणक सुरू केला, मृताच्या सन्मानासाठी दिवसभर भजनं लावली आणि खोलीला कुलूप घातलं. त्याच दिवशी दुपारी कियांगी बोलला.

मी तिथल्या तिथे म्हणाले, "रेकॉर्डिंग आहे."

"सिस्टर," म्बवांबो म्हणाला, "संध्याकाळचा निरोप त्याने जन्मात कधी रेकॉर्ड केला नाही, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. आणि केला असता तर संध्याकाळी वाजला असता. दुपारी वाजवायला शुभ संध्याकाळ कोण रेकॉर्ड करतं?"

"खोलीत कोणीतरी शिरत असेल."

"किल्ली माझ्या गळ्यात आहे. आंघोळीलाही काढत नाही. म्हणजे, आंघोळ करतो तेव्हा."

मी तणतणत निघाले. आणि उत्तर नसलं की मी चिडते, हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, कारण त्यांना या जगात मीच ओढून आणलंय.

*

चमत्काराचा वास घाटाखालपर्यंत गेला आणि पाठोपाठ स्वतःला देवाचा संदेष्टा म्हणवणारा नबी शेदराका आला. पांढरा कोट, पांढरे बूट आणि आमची लाल माती. त्याचा एक माणूस दिवसभर नुसते बूट पुसत असे. फुटबॉलच्या मैदानावर तंबू ठोकला गेला, आत पांढऱ्या कापडाने झाकलेलं आसन मांडलं गेलं, आणि नबीने तोंड उघडलं.

"काल पहाटे मला वरून फोन आला. उचलला, तर पलीकडे कोण?"

"कियांगी," गर्दी म्हणाली.

"कियांगी. म्हटलं, बाबा, नेटवर्क कसंय तिकडे? म्हणाला, नबी, नेटवर्क फुल आहे, पण लाईट नाही."

"आमेन."

"म्हटलं, जेवलास का? म्हणाला, ताट समोर आहे, दिसत नाही."

"अरेरे," बायका म्हणाल्या.

"अहो, तुम्ही दुपारी घामाने भिजताय आणि हा माणूस म्हणतोय दिवे लावा. का म्हणतोय? कारण तुमच्या दुपारी त्याला रात्र दिसते. आणि का दिसते? कारण त्याच्या घरात कोणीतरी त्याचा उजेड बांधून ठेवलाय. मी नाव घेत नाही. विधवेचं नाव घेऊ नये."

एवढं सांगून नाव न घेण्याची ही कला मी आधीही पाहिली आहे. गावाने माना वळवून नाकुंडवाकडे पाहिलं. मग नबीने उपायही सांगून टाकला. रस्त्यालगतचं, दारात नळ असलेलं ते घर आणि मागचा आल्याचा मळा प्रार्थनेला अर्पण करायचा, बाईने माहेरी निघून जायचं, की कियांगीला पहाट दिसेल. मृतात्म्यांना अडचणी नेहमी चांगल्या जागेच्या घरातच का येतात, हे मी विचारलं. माझ्या बाजूला बसलेली बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

नाकुंडवा शिवणकाम करते. शाळा उघडायचे दिवस म्हणजे तिचा हंगाम, ओट्यावर निळ्या-पांढऱ्या गणवेशांचा ढीग. नबी आला आणि ढीग ओसरू लागला. आया गुपचूप येऊन आपापलं कापड परत नेत होत्या. एकीने तर शिवून झालेली एक बाही तशीच लोंबकळत ठेवून शर्ट नेला. मी गेले तेव्हा नाकुंडवा मशीनपुढे बसून पायाने नुसतंच पायडल हलवत होती. सुईखाली काही नव्हतं.

"तू त्या पांढऱ्या बुटाचं ऐकतेस?" मी म्हणाले.

"बुटाचं नाही ऐकत, सिस्टर. आवाज ऐकते. जन्मभर त्या आवाजाशेजारी झोपले. खाकरतो कुठे ते मला पाठ आहे. तो त्याचाच आहे."

"आवाज त्याचाच आहे गं. पण म्हणून काय—"

"आणि तो खरंच अंधारात असेल तर?" तिने पायडल थांबवलं. "घराचं काय, मी भावाकडे राहीन. ओरडेल, पण ठेवून घेईल. पण तो तिकडे चाचपडत असेल आणि मी इथे काजं करत बसले असेन, तर?"

रागवायला आले होते, ते विसरून मी तिच्या शेजारी बसले.

तिने पुढचं सांगितलं ते ऐकून मात्र राग जागेवर आला. रविवारी सगळ्यांसमोर नबी कियांगीला हाक मारणार होता. सूर्य डोक्यावर आला की विचारणार, घर हवं का? कियांगी बोलला तर होकार समजायचा आणि तिने घराची किल्ली तिथल्या तिथे द्यायची.

"आणि तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"अगं, तो रोज दुपारी बोलतो. रविवारीही बोलणारच. उगवत्या सूर्याला 'उगव' म्हणायचं आणि मग दक्षिणा मागायची, हे मलाही जमेल."

"मग थांबवून दाखव," नाकुंडवा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "तुझ्याकडे दुसरं काही कारण असेल तर मला दाखव. मला ते हवंय, सिस्टर. पण नुसतं रागावू नकोस."

*

शनिवारी मी रेडिओच्या खोलीवर गेले. म्बवांबो दारातच खुर्ची टाकून बसला होता.

"नबीची ताकीद आहे. यंत्राला कोणी हात लावायचा नाही. त्यांनी त्याला अभिषेक केलाय."

"कशाचा?"

"पवित्र तेलाचा."

मी खिडकीतून डोकावले. कळफलक तेलाने चकाकत होता. पडद्यावरूनही ओघळ आले होते. वास सूर्यफुलाचा होता.

"म्बवांबो," मी हळूच म्हणाले, "तेल आत झिरपलं ना, की यंत्र जळतं. मग नवं घ्यावं लागेल. समितीला."

आम्ही पारे लोक चिकट म्हणून सगळ्या देशात बदनाम आहोत, आणि त्या बदनामीतला मोठा वाटा एकट्या म्बवांबोचा आहे. त्याचा चेहरा पडला. गळ्यातली किल्ली त्याने स्वतःच काढली.

"फक्त पूस हं."

"फक्त पुसते. दवाखान्यातून स्पिरिट आणि स्वच्छ फडकं आण. स्पिरिट मागच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, बाटल्यांच्या मागे."

ते तिथे नव्हतं. शोधायला त्याला पुरेसा वेळ लागणार होता.

आता मला संगणकातलं काय कळतं, असं कोणाला वाटेल. दवाखान्यातही एक संगणक आहे. तो दर महिन्याला माझ्या हाताशिवाय जिल्ह्याला अहवाल पाठवतो. जिल्ह्याचे साहेब म्हणतात, सिस्टर फार वक्तशीर. सिस्टर त्या वेळी घरी मक्याचे दाणे सोलत असते. ती वेळ मीच लावून ठेवली आहे, आणि वीज फार जायला लागली की मीच ती बदलते. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. यंत्रात आपोआप असं काही होत नाही. कोणीतरी, कधीतरी, त्याला काम सांगून ठेवलेलं असतं. आणि ज्याला सांगून ठेवलंय त्याला विचारताही येतं, की बाबा, तुला काय सांगितलंय?

मी विचारलं. आपोआप करायच्या कामांची यादी उघडली. सकाळची प्रार्थना, राष्ट्रीय बातम्या, ही कामं संगणक बसवायला आलेल्या इंजिनियरने लावलेली होती. आणि सगळ्यांत खाली, एकटंच, आणखी एक काम होतं. त्यावर क्लिक केलं. छोटी चौकट उघडली: काय करायचं, कधी करायचं, कोणी सांगितलं, कधी थांबायचं.

मी वाचलं आणि त्या तेलकट खुर्चीत बसून तोंडावर हात दाबून हसले. शेवटची ओळ वाचली तेव्हा हसू थांबलं. काय वाचलं ते रविवारी गावाला सांगितलं, तेव्हाच तुम्हांलाही सांगेन. कारण त्या क्षणी म्बवांबो स्पिरिट शोधत होता आणि मला घाई होती. त्या कामापुढची बरोबरची खूण काढून टाकली, म्हणजे ते तात्पुरतं थांबलं. मग कियांगीच्या जुन्या निरोपांतून दोन निवडले आणि रविवारसाठी दोन नवी कामं लावली.

म्बवांबो घामाघूम होऊन आला, तेव्हा मी पदराच्या टोकाने कळफलक पुसत होते.

"सापडलं नाही स्पिरिट," तो म्हणाला.

"राहू दे. तुझं यंत्र वाचलं."

*

रविवारी मैदान भरलं होतं. प्रत्येक फोनवर, रेडिओच्या प्रत्येक खोक्यावर गावरेडिओ लागलेला होता. नाकुंडवा पुढच्या रांगेत, काळ्या कपड्यांत, मुठीत किल्ली धरून. मी तिच्या शेजारी. त्या दिवशी मी देवाकडे एकच मागितलं, वीज जाऊ देऊ नकोस.

सूर्य डोक्यावर आला. नबी आसनावरून उठला, हात वर केले.

"कियांगी. तुझा नबी बोलावतोय. घर हवं असेल तर बोल."

रेडिओवर भजनी मंडळी जोरात गात होती. गातच राहिली.

"बोल, कियांगी."

भजनाचं पुढचं कडवं सुरू झालं. नबीने कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं.

"मेलेल्यांना घाई नसते," तो म्हणाला. "तो चपला घालतोय. दूरवरून यायचंय." थोडा वेळ गेला. "इथे कोणीतरी अविश्वासी बसलंय, त्यामुळे लाईन व्यस्त लागतेय." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हात जोडले.

आणि भजन थांबलं. खाकरण्याचा आवाज आला.

"ऐका हो. म्रुतूच्या पोरीच्या लग्नातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या अजून परत आलेल्या नाहीत. पाठीवर लाल रंगात म्रुतू लिहिलंय. कोणी नेल्या ते मला माहीत आहे. लाज वाटत असेल तर रात्री आणून ठेवा, मी बघणार नाही. मी कियांगी, मी इथेच आहे."

नबीचं तोंड क्षणभर उघडं राहिलं, पण धंद्यात मुरलेला माणूस. "आमेन," तो ओरडला. "ऐकलंत? खुर्च्या. म्हणजे काय? सिंहासनं. वर सिंहासनं मांडली आहेत आणि एक रिकामं आहे. लाल रंग म्हणजे रक्षणाचं रक्त. आणि म्रुतू, म्रुतू हा दरवाजावरचा देवदूत, तो म्हणतोय—"

"देवदूत नाही, मी आहे," मागून म्रुतू उठून म्हणाला. "आणि मी खुर्च्याच म्हणतोय. त्या लग्नापासून म्हणतोय."

बीबी नावोने काठी टेकत पुढे आली. तिला कोणी अडवत नाही. नबीच्या आसनामागे जाऊन तिने काठीच्या टोकाने पांढरं कापड वर उचललं. खाली प्लास्टिकची खुर्ची होती. पाठीवर लाल रंगात म्रुतू.

नबीला आसन कोणी पुरवलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मैदानावरच्या सगळ्या माना म्बवांबोकडे वळल्या.

"मी चारच नेल्या होत्या," म्बवांबो म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं कोणी. नबी हात हलवून गप्प करायला लागला, तेवढ्यात मी उठले. घड्याळात वेळ जवळ आली होती.

"नबी, एक विचारू? कियांगी आता पुढे काय बोलणार?"

"ते आत्म्यालाच ठाऊक, बाई. आत्मा वाऱ्यासारखा असतो."

"मला ठाऊक आहे. तो सांगेल की मी रागीट आहे."

"ते सांगायला मरायला कशाला हवं?" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. मी आवाज ओळखला, त्याला पुढच्या वेळी जाड सुई.

मग मी उगाच पदर सारखा केला, चष्मा पुसला, आणि भजन थांबलं.

"ऐका हो. उद्या दवाखान्यात लसीकरण आहे. बाळांना आणा, सबबी आणू नका. सिस्टर नामसिफू फार रागीट आहे, पण सुई हळू टोचते. मी कियांगी, मी इथेच आहे."

या वेळी आमेन कोणी म्हणालं नाही.

"तर मग," मी म्हणाले, "मला कोण घर देतंय? मळ्यासकट हवं."

*

म्बवांबोच्या गळ्यातून किल्ली घेतली आणि सगळ्यांना रेडिओच्या खोलीकडे नेलं. पडदा खिडकीकडे वळवून ठेवला. ज्यांना दिसत होतं त्यांनी मागच्यांना वाचून दाखवायचं ठरलं. नबीलाही हाताला धरून पुढे उभा केला, पाहुणा होता.

"हे दोन निरोप मी काल लावले," मी म्हणाले. "ही त्यांची वेळ, हे माझं नाव. यात आत्मा नाही, बोट आहे. आता कियांगीचं काम बघा. काय करायचं? संध्याकाळचा निरोप वाजव. कोणी सांगितलं? कियांगीने, मोशीच्या बसमध्ये बसला त्या सकाळी. आपण नसताना शेळ्या बाहेर राहू नयेत म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा तो निरोप साठवून ठेवला. मग वीज गेली, म्हणून तेव्हा वाजला नाही. वीज आली, तेव्हापासून वाजतोय. आणि कधी वाजवायचा? रोज, बारा वाजता."

"पण वाजतो दुपारी," कोणीतरी म्हणालं.

"बीबी," मी विचारलं, "दिवस बुडतो तेव्हा किती वाजतात?"

"बारा. हे काय विचारणं झालं?"

"त्यानेही तेच लिहिलं. बारा. जन्मभर बारालाच संध्याकाळ झाली त्याची. पण या यंत्राला आपला सूर्य माहीत नाही. हे विमानतळाच्या घड्याळाने चालतं. त्याचे बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर असतो."

मग बीबी नावोनेचे खांदे हलायला लागले. तिला दात नाहीत, त्यामुळे हसताना आवाज येत नाही, नुसती ती हलते.

"म्हणजे अंधार नाही, बिंधार नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "घड्याळ चुकलं मेल्याचं. आणि मी भर दुपारी रॉकेल जाळत बसले."

मग मात्र सगळा गाव हसला. आपण सगळ्यांनीच बारा लिहिले असते, हे प्रत्येकाला कळलं होतं.

नबीने शेवटचा प्रयत्न केला. "बंधूंनो, संगणकसुद्धा देवाच्याच हातात असतो. देवानेच ती चूक—"

"असेल हो," मी म्हणाले. "पण देवाला घड्याळ कळत नाही, असं मला वाटत नाही."

तो दुपारच्या बसने गेला. पारे माणूस वासराच्या भांडणात गाय विकून वकील करतो, असं आमच्याबद्दल म्हणतात, तेव्हा ज्यांनी नबीपुढे कोंबड्या आणि तेल वाहिलं होतं त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रभागाच्या न्यायमंडळात दावा लावला. तंबू मागेच राहिला. सध्या तो मुद्देमाल आहे, आणि मुद्देमालावर म्बवांबो आलं वाळवतो. खुर्च्या परत गेल्या. चारच्या जागी सहा निघाल्या.

*

गर्दी पांगली तरी नाकुंडवा खिडकीशीच उभी होती. मी तिला आत बोलावलं.

"ही शेवटची ओळ," तिने पडद्याला बोट लावलं. "कधी थांबायचं. इथे काहीच नाही."

"रिकामी ठेवलीय."

"का?"

"परत येऊन तो स्वतःच बंद करणार होता."

तिने त्या रिकाम्या चौकोनावरून बोट फिरवलं. शनिवारी माझं हसू त्याच चौकोनापाशी थांबलं होतं.

"म्हणजे तो अंधारात नव्हता," ती म्हणाली.

"नाही गं. तो बसची वेळ गाठायच्या घाईत होता."

तेव्हा ती रडली. नीट, मोठ्याने, अंत्ययात्रेत रडायचं राहून गेलं होतं तेवढं सगळं. मग ओढणीने तोंड पुसून म्हणाली, "वेळ सुधारायची कशी? एकदा तरी त्याचा निरोप वेळेवर जाऊ दे."

"तूच कर. इथे क्लिक. बारा पूस. अठरा लिही."

"अठरा? इतके वाजतात कुठे?"

"विमानतळावर."

सुईची सवय असलेल्या बोटांनी, तेलकट कळांवरून घसरत, तिने बारा पुसले आणि अठरा लिहिले. मी थांबवलेलं काम पुन्हा सुरू केलं. मग ती शेवटच्या रिकाम्या ओळीवर गेली आणि मला न विचारता तिथे त्याच दिवसाची तारीख घातली.

"उद्यापासून?" मी विचारलं.

"उद्यापासून माझ्या शेळ्या मी बघेन."

त्या संध्याकाळी टेकडीमागे सूर्य बुडाला आणि घराघरांतून कियांगी बोलला. शुभ संध्याकाळ, दिवस बुडाला. मेल्यापासून पहिल्यांदाच तो खरं बोलत होता, आणि पहिल्यांदाच कोणी टोपी काढली नाही. नाकुंडवाने ओट्यावर उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं, शेळ्या आत घेतल्या, दिवा लावला. सकाळी तिच्या ओट्यावर गणवेशांचा ढीग परत आला. एका बाहीचा शर्ट घेऊन आलेल्या आईला तिने रांगेत सगळ्यांत शेवटी बसवलं.

दुसऱ्या संध्याकाळी रेडिओवर कोणी काही सांगितलं नाही. तरी सगळ्या गावाच्या शेळ्या आत गेल्या आणि सगळे दिवे लागले. मी ओट्यावरून बघत होते. कियांगी, बघ, वुसांबेकरांना कळतं.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. तुमच्या गावात काही आपोआप घडायला लागलं, मूर्ती दूध पिऊ दे की मेलेला बोलू दे, तर किल्ली आणि घर कोणाच्या हातात देण्याआधी विचारा: हे काम कोणी लावलंय, कधी लावलंय, आणि फायदा कोणाचा होतोय? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. रागीट म्हणतील, म्हणू द्या. अंधार पडला की दिवा लावायला कोणी नबी लागत नाही. आणि भर दुपारी कोणी सांगायला लागला की अंधार पडलाय, तर घराबाहेर यायचं आणि मान वर करून बघायचं.